मांड

छोटीच्या बाबांनी पहिल्या भेटीत फाइल उघडली नाही, मोबाइल उघडला. मिनिटभराचा व्हिडिओ होता. मुलगी घोड्यावर, मागे झाडं, कुणीतरी टाळ्या वाजवतंय. ती हसत नव्हती आणि रडतही नव्हती, दोन्ही हातांनी खोगिराचा पुढचा उंचवटा आवळून बसली होती. मी तो पुन्हा लावला तो तिची कंबर बघायला. कमरेला निळी ओढणी गुंडाळलेली आणि ओढणीची गाठ खोगिराला मारलेली.

"पडू नये म्हणून," बाबा म्हणाले.

घोडा बुजून पळाला किंवा पाय घसरून आडवा झाला, तर सुटं मूल बाजूला पडतं, शेजारी चालणारा माणूस त्याला झेलू शकतो. बांधलेलं मूल घोड्याबरोबर फरफटतं, नाहीतर त्याच्या अंगाखाली येतं. म्हणून मुलाला घोड्याला कधीही बांधत नाहीत. मुलाच्या कमरेला पट्टा असतो, तो माणसांनी धरायला. इतकं सगळं मी तेव्हा बोलले नाही. किती वेळा नेलंत, एवढंच विचारलं.

"सहा. वीसचं पॅकेज आहे. पैसे आधीच भरलेत."

ती जागा कोणती हे सांगण्यात अर्थ नाही. घोड्यावर बसवा, चालायला लागेल, असं सांगणाऱ्या जागा दुसरीकडेही आहेत. मी ठाण्यात लहान मुलांची फिजिओथेरपी करते, आणि घोड्याबद्दल विचारणारे पालक मला दोनच प्रकारचे भेटतात. एकाला वाटतं ही जादू आहे, दुसऱ्याला वाटतं हे श्रीमंतांचं थोतांड आहे. छोटीचं प्रकरण या दोन्ही खुंट्यांवर टांगता येत नाही, म्हणून ते सविस्तर लिहिते आहे. घरच्यांना विचारून लिहिते आहे. नाव अर्थातच 'छोटी' नाही.

जानेवारी २०२३ मध्ये ती सात वर्षांची होती, वजन १७ किलो. घर कळव्याला. बाबा बसवर कंडक्टर, आई घरी ब्लाउज शिवते, आजी घर चालवते. एकतिसाव्या आठवड्यात जन्म, वजन १ किलो ४०० ग्रॅम. एमआरआयमध्ये मेंदूतल्या पोकळ्यांभोवतीच्या पांढऱ्या भागाला इजा दिसली होती. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या मुलांमध्ये हे चित्र आम्हाला ओळखीचं आहे. पायांकडे जाणारे तंतू या पोकळ्यांच्या सगळ्यात जवळून जातात, म्हणून पाय जास्त ताठरतात आणि हात त्यामानाने वाचतात. याला स्पास्टिक डायप्लेजिया म्हणतात. सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर येणाऱ्या कायमच्या मर्यादेचा, हा एक प्रकार. चालताना वॉकर, पायात स्प्लिंट. सेरेब्रल पाल्सीतल्या हालचालींच्या पाच पातळ्या असतात, पहिली सगळ्यात सौम्य, त्यातली ही तिसरी. बोलणं मात्र चोख. मला तपासताना पाहून तिने पहिला प्रश्न विचारला, "तुमचे हात गार का आहेत?"

पाठ टेकायला काही नसलेल्या बाकावर तिला बसवलं, पाय जमिनीला टेकवले आणि हात मांडीवर ठेवायला सांगितलं. कमरेचं हाड लगेच मागे कललं, पाठीला बाक आला, गुडघे एकमेकांना भिडले. चाळिसाव्या सेकंदाला डावा हात मांडीवरून घसरून बाकाची कड शोधू लागला. तिला ते कळलंसुद्धा नाही. या एका हातामुळे बाकीचं सगळं अडत होतं. शाळेत डावा हात बाक धरून, म्हणून वही दाबायला हात नाही, म्हणून वही सरकते, म्हणून अक्षर वेडंवाकडं, म्हणून बाईंची तक्रार. कमोडवर आईने खांदे धरायचे. जेवताना एक हात जमिनीला, आणि एका हाताने पोळी तोडणं सात वर्षांच्या मुलीला कुठून जमणार? आजी तुकडे करून भरवायच्या.

आई-बाबांनी हे कशातच धरलं नव्हतं. त्यांचा प्रश्न एकच, "मॅडम, चालेल ना ती?"

या प्रश्नाला मी गोल उत्तर देत नाही. कॅनडात ६५७ मुलांचा माग ठेवून २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तिसऱ्या पातळीची मुलं उभं राहणं, चालणं अशा मोठ्या हालचालींतली आपली ९० टक्के मजल साधारण पावणेचार वर्षांपर्यंत गाठतात असं दिसलं. छोटी सातची होती. वॉकरने चालते, वॉकरने चालेल. लांबच्या पल्ल्याला चाकाची खुर्ची लागेल. घोड्यामुळे वॉकर सुटेल असं मी म्हणणार नाही. बाबांनी मोबाइल खिशात टाकला. मग बसण्याबद्दल बोलले, बाकाबद्दल, पोळीबद्दल. आई तोवर गप्प होती. म्हणाली, "कमोडवर एकटी बसली तरी मला पुष्कळ."

तीन गोष्टी कागदावर लिहिल्या: बाकावर दोन्ही हात मोकळे ठेवून दहा मिनिटं, कमोडवर आईच्या हाताशिवाय, पोळी स्वतः तोडणं.

मग घोडाच कशाला, हे जमिनीवर होत नाही का? होतं, आणि तेही चालू ठेवलं. पण घोड्याकडे एक गोष्ट अशी आहे जी माझ्या गादीकडे आणि मोठ्या चेंडूकडे नाही. आपल्या भाषेत तिला जुना शब्द आहे, मांड. पक्क्या मांडीचा स्वार हाताने काही धरून बसत नाही, तो कमरेने आणि मांड्यांनी बसतो. घोडा कदम चालीत चालतो तेव्हा मिनिटाला साधारण शंभर पावलं पडतात. त्याचा मागचा पाय पोटाखाली येतो तशी त्या बाजूची पाठ किंचित उतरते आणि पुढे सरकते, मग दुसरी बाजू. वर बसलेल्याची कंबर पुढे-मागे कलते, डावी-उजवीकडे झुकते आणि थोडी वळते. आपण दोन पायांवर चालताना कंबर हेच करते. जी मुलगी स्वतः असं कधी चालली नाही तिच्या कमरेला ही हालचाल दर मिनिटाला शंभर वेळा मिळते, आणि प्रत्येक वेळी धड सावरावं लागतं. शिवाय खोगीर काढून नुसता जाड नमदा, म्हणजे खोगिराखालची लोकरीची घडी, टाकला की घोड्याच्या अंगाची ऊब मांड्यांना लागते. घोड्याचं अंग आपल्यापेक्षा थोडं गरमच, ३८ अंशांच्या आसपास. ताठरलेले स्नायू त्या उबेत आणि ठेक्यात सैलावतात. किती वेळ? काही तास. कायमचे नाही.

घोड्यावर बसवण्याआधी दोन कागद मागितले. पहिला, मेंदूविकार तज्ज्ञांचं पत्र, कारण तिला तिसऱ्या वर्षी फिट आली होती. त्यानंतर आली नव्हती. दुसरा, खुब्यांचा एक्स-रे. आधीच्या जागी तो कुणी मागितला नव्हता. ताठर मांड्या वर्षानुवर्षं आत ओढत राहतात आणि मांडीच्या हाडाचं डोकं हळूहळू खोबणीतून बाहेर सरकतं, बहुतेकदा न दुखता. मेलबर्नकडच्या मुलांच्या २००६ सालच्या पाहणीत पहिल्या पातळीच्या एकाही मुलाचा खुबा सरकला नव्हता आणि पाचवीच्या ९० टक्के मुलांचा सरकला होता. तिसरीत प्रमाण दहातल्या चौघांचं. सरकलेल्या खुब्याच्या मुलाला घोड्याच्या रुंद पाठीवर पाय फाकवून बसवणं म्हणजे आगीशी खेळ. (डाउन सिंड्रोम असेल तर खुब्याऐवजी मानेचा एक्स-रे आधी. मानेचे वरचे दोन मणके सैल असतील तर घोडा विसरायचा.) छोटीचा उजवा खुबा २४ टक्के बाहेर होता, डावा १८. तीसच्या, म्हणजे काळजीच्या रेषेच्या, आत. अस्थिरोग तज्ज्ञांनी होकार दिला आणि सहा ते बारा महिन्यांत पुन्हा काढा असं बजावलं.

आता घोडा. घोडबंदर रस्त्याच्या नावात घोडा आहे, अरबी घोडे इथल्या बंदरात उतरायचे असं म्हणतात, पण आज त्या रस्त्यावर घोडा शोधायचा तर लग्नाची तारीख बघून जावं लागतं. ओवळ्याच्या पुढे, मुख्य रस्त्यापासून आत, एक छोटी पागा आहे. तिथले मामा मूळचे नेरळकडचे. तरुणपणी माथेरानला पर्यटकांचे घोडे धरायचे, मग खाली उतरून वरातींच्या धंद्यात आले. त्यांनी मला अभिमानाने सगळ्यात देखणी घोडी दाखवली, पंचकल्याणी, चारही पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा. मारवाडी रक्ताची. रेवाल चाल अशी की वर बसलेल्याच्या हातातला पाण्याचा पेला हिंदकळू नये.

तीच नको होती. रेवाल चालीत धक्का लागत नाही, म्हणूनच ती स्वाराला सुखाची. मला धक्का हवा होता, मोजका, एकसारखा, दोन्ही बाजूंनी समान. मामांना हे पटायला वेळ लागला. "म्हणजे तुम्हाला खराब चालीची पाहिजे?" शेवटी मागच्या ठाणावरून एक कुमैत, म्हणजे तांबूस अंगाची, घोडी काढली, चौदा वर्षांची, खांद्यापाशी साडेचार फूट, पोटाने गोल, नजरेने झोपाळू. नाव बिजली. तिला वीस पावलं माझ्याकडे आणि वीस पावलं उलट चालवून पाहिलं. मागचे पाय पुढच्यांच्या खुणेवर पडत होते, दोन्ही बाजूंना सारखे. मी तिच्या पाठीवर, पोटाखाली, शेपटीशी हात फिरवले, छत्री उघडली, वॉकर तिच्या शेजारी खडखडवला. तिने एक कान वळवला, बस्स.

फॉर्ममध्ये एक रकाना होता, 'आवाजाला बुजते का'. वरातीची घोडी, फटाके आणि बँडमध्ये आयुष्य गेलेलं. मी 'नाही' लिहिलं. त्या रकान्याकडे पुढे यावं लागलं.

फेब्रुवारीपासून आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी सातला. चढायला उतार नव्हता, पण घोडे टेम्पोत चढवायचा सिमेंटचा ओटा होता, तो बरोबर उंचीला आला. मामा घोडीच्या तोंडाशी, मी एका बाजूला, माझी सहकारी दुसऱ्या बाजूला, छोटीच्या डोक्याला घोडेस्वारीचं हेल्मेट. सायकलचं चालत नाही, ते मागून कवटी झाकत नाही. वर बसण्याची वेळ वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. रिकिबी काढून टाकलेल्या, कारण पाय रोवायला काही मिळालं की ती टाचा ताणून पाय कात्रीसारखे आवळायची.

पहिल्या चार वेळा काही झालं नाही. हे लिहायला हवं, कारण व्हिडिओत हे कधीच दिसत नाही. मांड्या इतक्या आवळलेल्या की नमदा सुरकुतायचा, आणि हात आयाळीत. पाचव्या वेळी मी तिला उलटं बसवलं, तोंड शेपटीकडे, तळवे घोडीच्या पुठ्ठ्यांवर. दोन्ही हातांवर भार आला, तळव्यांखाली पुठ्ठे आळीपाळीने वर-खाली होताना तिला कळले, आणि ती मोजायला लागली. "एक दोन एक दोन." मोजता मोजता तिचे गुडघे सुटले. माझा हात तिच्या मांडीवर होता, म्हणून मला ते दिसायच्या आधी कळलं. घट्ट दोरीची गाठ हातात असतानाच सैल पडावी तसं. बोलले नाही. मामांना नजरेने सांगितलं, थांबू नका.

नवव्या-दहाव्या रविवारी पुन्हा तोंड पुढे, हात मांडीवर. मग चालता चालता थांबणं आणि पुन्हा चालणं. घोडी थांबते तेव्हा धड पुढे जातं, निघते तेव्हा मागे, आणि दोन्ही वेळा पोट-पाठ कामाला लागतात. मग आठचा आकडा. मेच्या शेवटी तेरा सत्रं झाली. माझ्या खोलीतल्या बाकावर हात मोकळे ठेवून ती सहा मिनिटं बसत होती.

इथे एक काटा आहे. एप्रिलमध्ये मी तिच्या शाळेत गेले होते. बाक उंच, पाय लटकत. सुताराला सांगण्याऐवजी आजींनी घरचा जुना पाट दिला, तो पायांखाली ठेवला, आणि त्याच दिवशी तिने वही दोन्ही हातांनी धरली. एक पाट! तो तीन वर्षं आधी कुणीही ठेवू शकलं असतं. माझी सहा मिनिटांची मोजणी पाय टेकतात अशा बाकावरची आहे, जानेवारीतली चाळीस सेकंदंही तशीच, म्हणून पाटाचा आणि तिचा संबंध नाही असं मी म्हणू शकते. पण पाटावर पाय टेकून वर्गात रोज पाच तास नीट बसल्याचा सरावही त्या सहा मिनिटांत आहेच. घोड्याने किती केलं आणि पाटाने किती, ते वेगळं काढता येत नाही. सत्राला आठशे रुपये पडत होते, पाट फुकट होता.

बाबांना मात्र आता हुरूप आला होता. आठवड्यातून दोनदा करूया म्हणाले, ओव्हरटाइम घेईन. मी त्यांना ऑस्ट्रेलियातल्या चाचणीबद्दल सांगितलं. २००९ साली प्रसिद्ध झाली, सेरेब्रल पाल्सीची ९९ मुलं, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट, एकाला दहा आठवडे घोडा, दुसऱ्याला नेहमीचं आयुष्य. शेवटी मोठ्या हालचालींच्या मोजमापात लक्षणीय फरक सापडला नाही. बाबांनी विचारलं, "मग आपण का करतोय?" रास्त प्रश्न. मी म्हटलं, त्या चाचणीत चालणं, उभं राहणं, सगळं एकत्र मोजलं. आपण एकच गोष्ट मोजतोय, ती वाढतेय. थांबली की थांबू. दोनदा केलं नाही.

जून-जुलैत रिंगणात चिखल, घोडीचा पाय घसरला तर सगळंच संपलं, म्हणून बंद. त्या वर्षी ऑगस्ट कोरडा गेला, तेव्हा पुन्हा सुरू केलं. पण बाबांची ड्युटी बदलली होती, म्हणून संध्याकाळी साडेपाचला. तिसरीच संध्याकाळ. छोटी वर, तोंड पुढे, हात मांडीवर. जवळच्या मोकळ्या प्लॉटवर ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू झाला. आधी ताशा, मग ढोल एकदम.

बिजली बुजली नाही. ती नाचू लागली.

पुढचा एक पाय उचलला, आपटला, मग दुसरा. मान कमानीसारखी वळली, पुठ्ठे डावीकडे-उजवीकडे. झोपाळू डोळे पार उघडले होते. वराती घोडीला जे शिकवलं होतं तेच ती इमानेइतबारे करत होती. नवरदेव वर आहे, बँड वाजतोय, नाच. तिच्या दृष्टीने मीच नियम मोडत होते. मामा "हो, हो, हो" करत लगाम धरून राहिले. मी "उतरवा" ओरडले. तांदळाच्या पोत्यावर आम्ही हे दोनदा गिरवलं होतं: एका बाजूच्या माणसाने मूल ओढून छातीशी घ्यायचं, दुसऱ्याने पाय सोडवायचे, धरणाऱ्याने घोडा पुढे काढायचा. पोतं पाय आवळत नाही. छोटीने आवळले. दोन क्षण ती निघालीच नाही, मग सहकारीने तिचा डावा गुडघा सोडवला आणि ती माझ्या अंगावर आली. दोघी मातीत बसलो. हेल्मेटची कड माझ्या ओठावर लागली, बाकी काही नाही.

"बिजली नाचत होती!" छोटी म्हणाली. तिला मजा वाटली होती. पण रात्री आईचा फोन आला, पाय उघडत नाहीत, स्प्लिंट बसत नाही. ताठरपणा उतरायला चार दिवस गेले.

चूक माझी. फॉर्ममध्ये 'आवाजाला बुजते का' विचारलं होतं, 'आवाजाला काय करते' हे विचारलं नव्हतं. मामांना विचारलं असतं तर त्यांनी हसत सांगितलं असतं. मी त्या घोडीला छत्री दाखवली आणि वॉकर वाजवला, बँड ऐकवला नाही, कारण तो तिचा रोजचाच, असं गृहीत धरलं. आता माझ्या फॉर्मवर तो रकाना चार ओळींचा आहे. सत्रं पुन्हा रविवारी सकाळी आणली, बाबांनी ड्युटी बदलून घेतली.

त्या दिवसांत कळव्याहून ओवळ्याला जाताना माजिवड्यापासून पुढे मेट्रोच्या पत्र्यांच्या रांगेत गाडी अडली की छोटीला गोष्ट हवी असायची. मी एकदा लिस हार्टेलची सांगितली. डेन्मार्कची घोडेस्वार, पोलिओनंतर गुडघ्याखाली जोर नाही, घोड्यावर चढवायला-उतरवायला माणसं लागायची. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेत, रौप्यपदक. ड्रेसाजमध्ये बायकांना पुरुषांच्या बरोबरीने उतरू देण्याचं ते पहिलंच वर्ष. छोटीने विचार करून विचारलं, "पदक घ्यायला ती कशी चढली?" तिला घोड्यापेक्षा जिन्याची काळजी. ती तिला असणारच.

नोव्हेंबरअखेर बाकावर अकरा मिनिटं. कमोडवर आई दाराबाहेर उभी राहू लागली होती. पोळी अजून नाही, जमिनीवर बसताना पाय डब्ल्यूसारखे मागे वळवून ती हात टेकायचीच.

डिसेंबरात एक्स-रे. उजवा खुबा ३३ टक्के.

अस्थिरोग तज्ज्ञांनी घोडा थांबवायला सांगितलं. मी त्याआधीच थांबवला होता. बाबा माझ्या समोर बसले आणि हळू आवाजात विचारलं, "घोड्यामुळे झालं का?" मेलबर्नचे दहातले चार त्यांना पुन्हा सांगितले. घोडा न पाहिलेली मुलंच त्यात बहुतेक असणार. मांड्यांचा ताण वर्षानुवर्षांचा आहे, आठवड्याची वीस मिनिटं त्यापुढे काही नाहीत असं मला वाटतं. पण एका मुलीवरून हो किंवा नाही सिद्ध होत नाही, हेही सांगितलं. घोड्याने खुबा वाचवला नाही, एवढं नक्की. त्याने वाचवावा असं आम्ही कधी म्हटलंही नव्हतं. तरी ते उत्तर देताना माझा आवाज पूर्ण साफ नव्हता.

मार्च २०२४ मध्ये मांड्यांचे आतले स्नायू सैल करायची शस्त्रक्रिया झाली. सहा आठवडे पाय फाकवून ठेवणारा स्प्लिंट. बसणं पुन्हा मिनिटांवरून सेकंदांवर आलं, मग जमिनीवरच्या व्यायामांनी जुलैपर्यंत नऊ मिनिटांवर. या वेळी मांड्या आवळत नव्हत्या, त्यामुळे जमिनीवर पाय समोर सोडून बसता येऊ लागलं. घोडा पुन्हा सुरू करायचा का हे पुढच्या एक्स-रेनंतर ठरेल. मामा दर महिन्याला फोन करून विचारतात. बिजलीचा धंदा मंदावलाय, वय झालं.

सप्टेंबरात त्यांच्या सोसायटीच्या गणपतीत महाप्रसादाला गेले होते. सभामंडपात खाली पंगत बसली होती, छोटी भिंतीला टेकून नाही, भिंतीपासून वीतभर पुढे, खाली तोच पाट. पुरी गरम होती. तिने ती दोन्ही हातांनी धरली, फुंकर मारली, मधोमध फाडली, वाफ निघाली तेव्हा "आई गं" करून सोडली, पुन्हा धरली. डावा हात जमिनीकडे गेला नाही. मी सेकंद मोजायला घड्याळ बघितलं आणि मग ठेवून दिलं.

आजी वाढत होत्या. मला म्हणाल्या, "बघा की. आता भाजी वाढेपर्यंत दम नाही हिला."